पळता बेदाणा

"वैजे, तुला काय भूतबाधा झालीया का गं? मघाधरनं एकाच जागी बोट टोचतीयास!"

हौसाकाकी माझ्या डोक्यावर उभी होती. माझ्या मांडीपुढं बेदाण्याचा ट्रे, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्याला एक काळा. किती वेळ मी त्याला चिमटीत धरायला बघत होते आणि तो मेला सरकत होता. बोट नेलं की तो पुढं. नजर वळवली की तोही वळणार, मी थांबले की हळूच खाली बसणार.

"काकी, ह्यो एक काळा घावंना झालाय," मी म्हणाले.

"कुठला काळा?" काकी वाकली. "हितं एकबी काळा न्हाय. आन् डाव्या अंगाला हे चार पडल्यात, ते तुला दिसंनात व्हय?"

ओळीतल्या बायका खो खो हसल्या. "वैजीचा बेदाणा पळतोय गं!" मीही हसले. शेडवर आपण आधी हसून घ्यावं, नाहीतर लोक आपल्याला हसतात.

तासगावच्या बाजूला द्राक्षं सुकवून बेदाणा करतात. माल पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात आणि मग आम्ही बायका ओळीनं बसून काळे, काड्या, खडे वेचून काढतो. त्या धुरीनं सगळ्यांचेच डोळे चुरचुरायचे. त्यामुळे मला डोळ्यापुढं ठिपके नाचताना दिसतात म्हटल्यावर जी ती म्हणाली, गंधकानं झालं असंल. गावातल्या डॉक्टरनंही तेच म्हणून थेंबाची बाटली दिली. मीही मान डोलावली. पण माझा डोळा चुरचुरत नव्हता. लाल नव्हता, दुखत नव्हता, पाणी गळत नव्हतं. आणि दुसरी एक गोष्ट होती, जी त्या शेडवर कुणालाच माहीत नव्हती.

मला एचआयव्ही होता. नवरा बोअर मारायच्या गाडीवर कामाला. आज कर्नाटक, उद्या आंध्र असा फिरायचा. शेवटी घरी आला तो हाडांचा सापळा होऊन. तो गेल्यावर माझं रक्त तपासलं आणि कळलं. देवाची कृपा, माझी तेजू त्यातनं सुटली होती. गावात हे दोघींनाच ठाऊक, मला आणि सासूला. सरकारी दवाखान्यातली बाई म्हणाली होती, "पेशी तपासायला येत जा. कमी झाल्या की गोळ्या सुरू करू." मी एकदा गेलेसुद्धा. त्या खोलीबाहेर एक बाकडं होतं. त्या बाकड्यावर बसलेली बाई कशासाठी बसलीय हे दवाखान्यातल्या झाडूवालीलाही कळायचं. आमच्या गावची दोन माणसं समोरून चालत आली आणि मी पदर ओढून माघारी फिरले. त्यानंतर गेलेच नाही. अंग उतरलं तर म्हणायची, उन्हाळा आहे. तोंड आलं तर म्हणायची, उष्णता आहे. मनाची समजूत घालायला कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

माझी भीती उगीच नव्हती. शेजारच्या गावची लता अशीच दुसऱ्या शेडवर निवडायला बसायची. तिचं बाहेर फुटलं आणि दुसऱ्या दिवशी तिला दारातूनच माघारी लावली. "खायची वस्तू हाय बाई, तुझ्या हातानं निवडलेला माल कोण घेईल?" असल्या आजारानं बेदाण्याला काही होत नसतं, हे आज शेंबडं पोरगंही सांगेल. तेव्हा कुणी सांगितलं नाही. लता पोरांना घेऊन कुठं गेली ते कळलं नाही. आणि लताची बातमी पहिल्यांदा गावात आणली कुणी? आमच्या मुकादमीण हौसाकाकीनं. तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. कुणाच्या घरात काय शिजलं हे त्या घरातल्या माणसाच्या आधी काकीला कळायचं आणि काकीला कळलं की गावाला कळायचं.

तीच काकी आता माझ्यापुढं फतकल मारून बसली.

"उजवा डोळा झाक बघू."

"काय नको काकी, गंधकानं..."

"झाक म्हणते न्हवं!"

मी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. डाव्यानं काकीकडं बघितलं. काकीचं कपाळ होतं, कुंकू होतं, नाकातली चमकीसुद्धा होती. त्याच्या खाली काही नव्हतंच. धुरकट राखाडी काहीतरी, आणि त्यातनं काकीचा आवाज येत होता.

"किती बोटं?"

"दोन," मी अंदाजानं ठोकून दिलं.

"मी हातच वर केला न्हाय, भवाने!"

आता कुणी हसलं नाही. काकी उठली, कमरेला पदर खोचला. "चल. मिरजंला जायाचं. आत्ताच्या आत्ता."

"खाडा पडंल की."

"खड्ड्यात गेला तुझा खाडा."

एसटीत मी खिडकीशी बसले आणि काकीला कसं कटवावं याचा विचार करत राहिले. म्हटलं, "काकी, तुम्ही तासगावातनं माघारी जावा. शेडवर कोण बघंल? मी जाते एकटी."

"एकटी जातीस! मगाशी गाडीच्या पायरीवर अडखळलीस ते काय मला दिसलं न्हाय?" ती म्हणाली आणि पलीकडच्या बाईकडं वळून तिनं मिरजेपर्यंत आपल्या सुनेचा, व्याह्याचा आणि व्याह्याच्या भावकीचा इतिहास सांगून संपवला. बाई अनोळखी होती, तरी काकीनं काही हातचं राखलं नाही. मी ऐकत होते. उद्या ह्याच तोंडून, अशाच गाडीत, कुणालातरी माझी कथा ऐकायला मिळणार होती. आमच्या शेडवरच्या वैजीला तसलं हाय बरं का!

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. नर्सनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. "बाहुल्या मोठ्या होतील, थोडा वेळ धूसर दिसेल, घाबरू नका." थोड्या वेळात सगळं विरघळत गेलं. भिंतीवरची पाटी गेली, माणसांची तोंडं गेली, शेजारी बसलेली काकी म्हणजे एक हिरवा पुंजका उरला. काकीनं माझं मनगट धरून मला आत नेलं. डोळे तपासायची खोली काळोखी होती. दाराला आतून काळा जाड पडदा. मुजावर डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधला होता, बाकी काही दिसत नव्हतं.

"वर बघा. खाली. आता डावीकडे. परत खाली."

आधी डॉक्टर काहीबाही बोलत होते, गाव कुठलं, काम कसलं. मग बोलायचे थांबले. डाव्या डोळ्यापाशी बराच वेळ रेंगाळले. मग उजव्यापाशी.

"बाई, साखरेचा आजार आहे?"

"न्हाय न्हाय," काकीनं माझ्या आधी उत्तर दिलं.

"टीबी वगैरे? कसल्या गोळ्या चालू?"

"तिला काय बी न्हाय साहेब. शेडवर गंधकाचा धूर लागलाय. माझ्या डोळ्यांम्होरं झालंय समदं."

"गंधक इतक्या आत जात नाही, मावशी. तुम्ही जरा बाहेर थांबा. सिस्टर, तुम्हीही."

"का बरं? मी तिला आयच्या जागी हाय!"

"असू दे. थांबा बाहेर."

स्टूल सरकलं. चपला वाजल्या. पडदा खसखसला, दार उघडलं, मिटलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाले. "काही आजार आहे का?"

"न्हाय."

"नवरा काय करतो?"

"वारला."

"कशानं?"

खोलीत अजून गंधकाचा वास येत होता. काकीचा म्हणावा तर तो माझ्याही लुगड्याला होता, केसांना होता, नखांत होता. धुरीवर काम करणाऱ्या बाईला स्वतःचा आणि दुसरीचा वास वेगळा काढता येत नाही. अंधार होता आणि उजेड असता तरी मला काही दिसणार नव्हतं. मी हळूच हाक मारली, "काकी?"

उत्तर नाही. पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

"त्या बाहेर आहेत," डॉक्टर म्हणाले. "हे बघा, डोळ्याच्या मागं एक पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं तेव्हा आपल्याला दिसतं. तुमच्या डाव्या पडद्याचा बराच भाग खराब झालाय. असं दोन तऱ्हांनी होतं. एक असेल तर मी सूज उतरवायचं औषध देईन. पण दुसरी असेल आणि मी तेच औषध दिलं, तर तुमचा डोळा माझ्याच हातानं जाईल. म्हणून विचारतोय."

"एक डोळा गेला तर गेला साहेब. दुसऱ्यानं निवडीन."

"उजव्यातही सुरू झालंय."

"उजव्यात? न्हाय! उजव्यानं मला लख्ख दिसतं."

"कडेला आहे, म्हणून अजून कळलं नाही. मधोमध आलं की कळेल. पण मग मला काही करता येणार नाही."

बोलावं तर काम जाणार, गाव जाणार, तेजूला शाळेत पोरं बाजूला बसवणार. न बोलावं तर ज्या हातांचं काम वाचवायचं त्यांना काळा कुठला आणि पिवळा कुठला हे कोण सांगणार? डोळ्यांपुढं तेजू आली. सकाळी तिची वेणी घालताना भांग वाकडा पडला होता आणि ती रुसून गेली होती. मला वाटलं होतं, पोरगी हलली म्हणून वाकडा पडला.

मी बोलले. पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" डॉक्टर जवळ सरकले.

"मला एचआयव्ही हाय, साहेब!" या खेपेला आवाज खोलीभर झाला. मग एकदा बांध फुटल्यावर काय राहतंय. "नवऱ्याकडनं आला. गोळ्या चालू न्हाईत. पेशी तपासायला बोलवलं हुतं, मी गेले न्हाई. त्या बाकड्यावर बसायची लाज वाटली. माझं काम जाईल साहेब, माझी पोरगी लहान हाय, कुणाला सांगू नका. तुमच्या पाया पडते."

मी खरंच वाकले. त्यांनी माझे खांदे धरून मला सरळ बसवलं. त्यांचा आवाज होता तसाच होता, त्यात कठोरपणाही नव्हता की दयाही नव्हती.

"कुणाला सांगायचा प्रश्नच नाही. बरं केलंत बोललात. अंगातली ताकद फार कमी झाली की एक जंतू डोळ्याच्या पडद्यावर चढतो. तो दुखत नाही, डोळा लाल करत नाही, त्यामुळे माणूस येतो तेव्हा उशीर झालेला असतो. रक्ताच्या तपासण्या करूच, पण आजच इंजेक्शन सुरू करू. डोळ्यात."

"डोळ्यात सुई?"

"बधिर करून. दर आठवड्याला यावं लागेल. डावीकडचं गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखू. आणि त्या बाकड्यावर बसायचं. गोळ्या सुरू केल्याशिवाय माझ्या इंजेक्शनला काही अर्थ नाही. कळलं?"

मी मान हलवली. डॉक्टर तयारी सांगायला लगबगीनं बाहेर गेले. दार दोनदा वाजल्यासारखं वाटलं, पण माझं कुठं लक्ष होतं!

बाहेर आले तर बाकावर तो हिरवा पुंजका बसला होता.

"काय म्हणला डाक्टर?"

बाकापर्यंत येईतो मी खोटं घोटून ठेवलं होतं. "आतनं भाजलंय म्हणाले. गंधकानंच. दर आठवड्याला सुई घ्यायला यावं लागंल."

काकी काही बोलली नाही. बोलायची थांबलेली काकी मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, बाहेर काढलं म्हणून डॉक्टरवर रुसली असेल.

"व्हय," शेवटी ती म्हणाली. "मला वाटलंच." मग पदरानं नाक शिंकरलं. "ह्या दवाखान्यात औषिधाचा वास किती उग्र मारतोय, बया."

दुसऱ्या दिवशी मी डोळ्याला पट्टी लावून शेडवर गेले तोवर गावभर झालं होतं. वैजीचा डोळा गंधकानं भाजला! पाणवठ्यावर तेच, पिठाच्या गिरणीत तेच, दूध डेअरीवर तेच. काकीनं एकही घर सोडलं नव्हतं. शेडचे मालक दादू आण्णा तणतणत आले.

"हौसाबाई, माझ्या शेडची बदनामी लावलीया व्हय? डॉक्टर गंधक म्हणाला का? तसा कागद दाखवा!"

कागद माझ्या पिशवीत होता. त्यावर गंधकाचं नावही नव्हतं आणि जे होतं ते आण्णांना वाचता येत होतं. माझी बोटं पिशवीच्या बंदावर घट्ट आवळली गेली. आता संपलं सगळं, मला वाटलं.

काकी कमरेवर हात ठेवून मधे उभी राहिली. "कागूद पायजे? दावते की! पण हितं न्हाय. सौद्याच्या दिवशी समद्या व्यापाऱ्यांम्होरं वाचून दावते. चालंल?"

आण्णा खाली बघून चपलेनं माती उकरायला लागले.

"आन् दर आठवड्याला तिला सुट्टी पायजे, खाडा न धरता. आन् समद्या बायकांना गॉगल पायजेत. धुरीला बसतो आमी, तुमी न्हाय."

गॉगल आले! पंधरवड्याच्या आत, निळ्या काचांचे, आणि आम्ही सगळ्या ते घालून बसलो की पोरं बघायला यायची. आण्णांच्या शेडमध्ये बायकांच्या डोळ्यांची चुरचुर त्या वर्षापासून थांबली, ती माझ्या खोट्यामुळं. मी मनात म्हणायची, वैजे, तू भलती बिलंदर! गावाचा भोंगा तू आपल्या बाजूनं वाजवून घेतलास आणि भोंग्याला पत्ता नाही.

पहिल्यांदा त्या बाकड्यावर बसले तेव्हा तोंडावर पदर होता. मग हनुवटीपर्यंत आला. मग पदर खांद्यावरच राहिला. गोळ्यांनी आधी ओकाऱ्या आणल्या, मग भूक आणली. पेशी वाढल्या, तसं दोन सुयांमधलं अंतर वाढत गेलं आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता पुरे. डाव्या डोळ्याला आजही माणसं अर्धीच दिसतात. उजव्यानं मी सुईत दोरा ओवते. त्या मोसमापासून काकीनं ओळीतली माझी जागा बदलली नाही, पण मुकादमीण असून स्वतः माझ्या डाव्या अंगाला बसायला लागली. बोलता बोलता तिचा हात माझ्या ट्रेत यायचा आणि मला न दिसलेले काळे उचलून न्यायचा. मला वाटायचं, माल चोख जावा म्हणून बाई राबतेय.

तेजूचं लग्न झालं. सासूबाई गेल्या. काकी थकली, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लेक पुण्यात, त्याला सवड नाही. म्हणून गेल्या थंडीत मीच तिला मिरजेला घेऊन गेले. या खेपेला मनगट तिचं आणि हात माझा. मुजावर डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली, आणि काही बोलले नाहीत. खोली तीच. काळा पडदा नवा.

थेंब घातलेली काकी अंधारात ताठ बसली होती.

"मावशी, बीपीच्या गोळ्या नीट घेता?"

काकी चुळबुळली.

डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी उठले.

"बसू दे तिला," काकी म्हणाली. "सून गोळी देती साहेब, आन् मी खिडकीतनं टाकते. तिच्याम्होरं बोलाय काय हरकत न्हाय. ती बाहेर बोलायची न्हाई." आणि मग माझ्या दिशेनं तोंड करून, पण जरा चुकीच्याच दिशेनं, "तिच्या वेळंला मीबी आतच हुते की."

मी परत खाली बसले. "काकी, दार वाजलं हुतं."

"ती नर्स गेली. मी पडद्यात गुरफाटले, कडी घावंना. आन् तू मला हाक मारलीस."

"मग व्हय का म्हणाला न्हाईत?"

"व्हय म्हणले असते तर तू बोलली असतीस?" काकीचा आवाज एकदम बारीक झाला. "डोळा गेला असता तुझा. म्हणून हुबी ऱ्हायले, श्वास धरून."

डॉक्टरांनी डोक्यावरचा दिवा बंद केला. तेही ऐकत होते.

"इतकी वर्सं, काकी? कुणालाबी न्हाई? मला सुदिक न्हाई?"

"लताचं एकदा बोलून बघितलं हुतं. तिची पोरं अजून सपनात येत्यात." काकीनं अंधारात हात पुढं केला, तो माझ्या डाव्या बाजूनं आला, म्हणून मला दिसला नाही, नुसता लागला. मला हुंदका आवरेना.

"ए, गप," ती म्हणाली. "मला रडवू नगंस. थेंब घातल्यात डोळ्यात, वाया जातील."